राजाबाईच्या सोळा घंटा

राजाबाई टॉवरमध्ये खानदेशचा कापूस आहे, असं मुंबईत म्हटलं तर लोक हसतील. पण हिशेब मांडून बघा. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला. मग व्यापाऱ्यांची नजर वळली ती गुजरात, वऱ्हाड आणि खानदेशाकडे. जिल्ह्याचं ठाणं तेव्हा धुळ्याला होतं. जळगावला फारसं कोणी विचारत नव्हतं. त्या चार वर्षांच्या तेजीत ते कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आलं. खानदेशचे कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटचं लांब धाग्याचं बियाणं आणवून इथल्या काळ्या जमिनीत पेरायला लावलं. माल मुंबईला जायचा तो थळ घाट उतरून, बैलगाड्यांनी. त्या घाटातून रेल्वे धावली ती १ जानेवारी १८६५ ला. एप्रिलमध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळले. रेल्वे आली आणि तेजी गेली, हे खानदेशच्या नशिबाला शोभण्यासारखंच झालं.

या तेजीचा मुंबईतला राजा म्हणजे प्रेमचंद रायचंद. कापूस, बँका, शेअर, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, सगळीकडे त्यांचा हात. भर तेजीत त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये देऊ केले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईचं, नाव द्यावं एवढी त्यांची इच्छा होती. १८६५ च्या मंदीत प्रेमचंद स्वतः बुडाले, पण विद्यापीठाला दिलेले पैसे सुरक्षित राहिले. १ मार्च १८६९ ला पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला. खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. नकाशे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते आयुष्यात कधी हिंदुस्थानात आले नाहीत. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे २४ पुतळे आहेत, ते मात्र रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या माणसाच्या हातचे.

खानदेशातल्या जुन्या पिढीचा या मनोऱ्याशी आणखी एक धागा होता. पुणे विद्यापीठ १९४९ साली निघेपर्यंत अंमळनेरचं प्रताप कॉलेज काय किंवा जळगावचं मू. जे. काय, मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं होतं. पेपर तिकडे जायचे, निकाल तिकडून यायचा. त्या निकालाची वाट बघणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की ज्या मनोऱ्याचं चित्र आपण पुस्तकात बघतो, त्याच्या पोटात एक वाद्य बसवलेलं आहे?

कारण राजाबाई हा नुसता घड्याळाचा मनोरा नाही. वर सोळा घंटा आहेत, आणि त्या केवळ तासाचे ठोके देण्यासाठी नाहीत. त्यांवर गाणी वाजत. ब्रिटिश काळात सोळा चालींची सोय होती. 'रूल ब्रिटानिया', 'गॉड सेव्ह द किंग', 'होम स्वीट होम', हँडेलची एक रचना अशा चाली दिवसातून चार वेळा बदलून वाजायच्या. आज दर पंधरा मिनिटांनी एकच चाल वाजते. जुन्या लिखाणात या घंटासमूहाला 'कॅरिलॉन' म्हटलेलं सापडतं. आता या नावावर राजाबाईचा हक्क किती, ते बघायचं तर आधी कॅरिलॉन काय असतो ते बघायला हवं.

बेल्जियम, हॉलंड आणि उत्तर फ्रान्स या सपाट प्रदेशात पाचशे वर्षांपूर्वी गावोगाव उंच मनोरे उभे राहिले. देवळाचे आणि गावकीचेही. तासाच्या ठोक्याआधी लोकांनी कान टवकारावेत म्हणून चार छोट्या घंटा वाजवायची पद्धत पडली. चाराच्या सहा झाल्या, सहाच्या बारा. पुढे कोणाला तरी सुचलं की एवढ्या घंटा आहेतच, तर गाणंच का वाजवू नये. त्यातून हे वाद्य तयार झालं. आजच्या व्याख्येप्रमाणे किमान २३ घंटा असाव्या लागतात, त्या सुरांत लावलेल्या असाव्या लागतात आणि त्या माणसाने हातापायांनी वाजवायच्या असतात. २३ पेक्षा कमी असतील तर ते वाद्य कॅरिलॉन ठरत नाही. जगात असे सहाशेहून अधिक कॅरिलॉन आहेत, त्यातले बरेचसे अजूनही त्याच सपाट प्रदेशात.

मनोऱ्यात घंटांच्या खाली एक छोटी खोली असते. तिच्यात बाकावर वादक बसतो. समोर पियानोसारख्या पट्ट्या नसतात, तर लाकडी दांड्यांच्या दोन ओळी असतात, आणि पायाखाली जाड घंटांसाठी पायपट्ट्या. प्रत्येक दांडीपासून एक तार वर जाते आणि घंटेच्या लोलकाला बांधलेली असते. दांडी दाबली की लोलक घंटेच्या कडेवर आपटतो. घंटा जागची हलत नाही. बोटांनी हे काम होत नाही म्हणून वादक सैलसर मूठ करून करंगळीच्या बाजूने दांडी दाबतो. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस वाद्यावर रागावला आहे. प्रत्यक्षात दाब हलका की जड यावर आवाज लहानमोठा होतो, आणि टनभर वजनाच्या घंटेतून कुजबुजीएवढा सूर काढणं हीच त्यातली खरी करामत. हा सगळा व्यवहार तारेचा आणि हाताचा आहे, मध्ये वीज कुठेच नाही. विजेवर चालणाऱ्या हातोड्यांनीही घंटा वाजतात, पण कॅरिलॉनवाले त्याला वादन मानत नाहीत, आणि मला ते पटतं.

या वादकांची एक पंचाईत आहे. रियाज लपून करता येत नाही. तबलजी चुकला तर शेजारी ऐकतो. इथे चुकलेला सूर अख्खं गाव ऐकतं. म्हणून मनोऱ्यातच, किंवा खाली कुठे तरी, दांड्यांची दुसरी मांडणी असते. तिला घंटांऐवजी धातूच्या लहान पट्ट्या जोडलेल्या असतात. रियाज तिच्यावर, आणि तयार झाल्यावरच वर चढायचं. हे शिकवणारी शाळाही आहे. बेल्जियममधल्या मेकलेन गावी यफ देनेइन या वादकाने ती १९२२ साली काढली.

एकेकटं राहणाऱ्या या मंडळींना एकत्र यायची ओढ फार. उत्तर अमेरिकेतल्या कॅरिलॉनवादकांचा संघ १९३६ साली ओटावाला, कॅनडाच्या संसदेच्या आवारात स्थापन झाला. तेव्हापासून त्यांचं वार्षिक संमेलन भरत आलं आहे, पुष्कळदा एखाद्या विद्यापीठात. कारण अमेरिकेत हे वाद्य नांदलं ते मुख्यतः विद्यापीठांच्या आश्रयाने. शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपेलमध्ये ७२ घंटा आहेत. येल विद्यापीठाच्या हार्कनेस टॉवरमध्ये ५४, आणि तिथे वाजवणारे सगळे विद्यार्थी. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तर दर पाच वर्षांनी कॅरिलॉनचा स्वतंत्र महोत्सव भरतो. तिथला मनोरा ३०७ फुटांचा, राजाबाईपेक्षा थोडा उंच. १९१७ साली तिथे बारा घंटा चढवल्या, १९८३ पर्यंत त्यांच्या ६१ झाल्या. मनोऱ्याच्या मधल्या मजल्यांवर विद्यापीठाने प्राचीन प्राण्यांची हाडं साठवून ठेवली आहेत. वर संगीत आणि खाली हाडं, असा शेजार दुसरीकडे क्वचितच असेल.

संमेलनाचं दृश्य आपल्या संगीतसभेपेक्षा उलटं असतं. वादक दिसत नाही. तो एकेक करून जिना चढतो, आणि श्रोते खाली हिरवळीवर पांगलेले असतात. जाणकार आधी फिरून जागा शोधतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी बसलं तर जवळच्या घंटा कानावर आदळतात आणि सूर एकमेकांत मिसळत नाहीत. थोडं लांब, मध्ये भिंत नाही अशा ठिकाणी चांगलं ऐकू येतं. टाळ्या वर पोचत नाहीत. वादन संपल्यावर वादक कठड्याशी येऊन हात हलवतो, तेव्हा खालच्यांना कळतं की कोण होता तो. अमेरिकेतल्या संघाचं पूर्ण सदस्यत्व नुसती वर्गणी भरून मिळत नाही. परीक्षा द्यावी लागते, आणि उत्तीर्ण झालेल्याने संमेलनात जमलेल्या सगळ्या जुन्या हातांसमोर वाजवून दाखवायचं असतं. परीक्षक सगळे हिरवळीवर, परीक्षार्थी एकटा ढगात. दुसऱ्याच्या मनोऱ्यावर वाजवणं हेही अवघडच, कारण दोन कॅरिलॉन सारखे नसतात. घंटा किती जड, तार किती लांब, खालचा सूर कोणता, सगळं वेगळं. सतारिया आपली सतार बरोबर नेतो. याला जे समोर येईल त्याच्याशी अर्ध्या तासात ओळख करून घ्यावी लागते.

बर्कलीच्या मनोऱ्यावर एक जुनी रूढी आहे, ती मुंबईशी भलत्याच वाटेने येऊन मिळते. सत्रातल्या शिकवणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी, फाशी जाणाऱ्या डॅनी डीव्हर नावाच्या शिपायाचं गाणं वाजवतात आणि मग परीक्षा संपेपर्यंत घंटा गप्प. पोरांना परीक्षेची आठवण करून देण्याची ही रीत. ते गाणं म्हणजे रडयार्ड किपलिंगची कविता, आणि किपलिंग जन्मला १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात. वडील तिथे शिल्पकला शिकवायचे.

पण घंटा सुरात लावतात कशी? या वाद्याचं मर्म इथेच आहे, म्हणून जरा थांबू.

घंटेचा धातू म्हणजे आपलं कासंच: शंभरात अठ्ठ्याहत्तर-ऐंशी भाग तांबं, बाकी कथील. काशाचं ताट हातातून निसटून फरशीवर पडलं की जो लांबलचक झणकार घुमतो, तोच गुण हजारपट मोठा करून घंटेत ओतलेला असतो. मात्र त्या झणकारात एक सूर नसतो, अनेक असतात, आणि ते एकमेकांशी भांडत असतात. तारेचं तसं नाही. तानपुऱ्याच्या तारेतून निघणारे उपसूर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सरळ हिशेबात येतात. घंटेला असा सरळ हिशेब माहीत नाही. तिची जाडी कडेला एक, खांद्याला दुसरी, आणि प्रत्येक भाग आपल्या परीने थरथरतो.

चांगल्या घंटेत यातले पाच सूर नेमके लावलेले असतात. ठोका पडताच कानाला जो सूर जाणवतो तो षड्ज धरला, तर त्याच्या एक सप्तक खाली एक घुमारा असतो, त्याच पट्टीत एक सूर, वर पंचम, त्याच्या वर तार षड्ज. आणि पंचमाच्या खाली कोमल गंधार. शुद्ध नव्हे, कोमल. पारंपरिक आकाराच्या युरोपीय घंटेत तो असतोच, आणि घंटेच्या आवाजाला जी एक उदास झाक असते ती मुख्यतः त्याचीच. त्यामुळे आनंदी, शुद्ध गंधाराची चाल वाजवली की प्रत्येक सुराच्या पोटातून कोमल गंधार कुरकुरतो. हॉलंडच्या अस्टेन गावातल्या आयसबाउट्स कारखान्याने १९८५ साली संगणकाची मदत घेऊन शुद्ध गंधाराची घंटा ओतून दाखवली. तिला पोटावर एक फुगवटा द्यावा लागला. वाद्य म्हणून ती कुतूहलाची ठरली, पण जुन्या कोमल गंधाराची सत्ता काही हलली नाही.

हे पाच सूर जुळवायची रीत पहिल्यांदा ज्यांना साधली त्यांची गोष्ट छान आहे. उट्रेख्ट शहरात याकोब व्हान आइक नावाचा जन्मांध संगीतकार होता. घंटेतला प्रत्येक उपसूर त्याला सुटा सुटा ऐकू यायचा. फ्रान्स्वा आणि पीटर एमोनी हे दोघे भाऊ घंटा ओतणारे. अंधाचे कान आणि ओतकऱ्यांचे हात एकत्र आले, आणि १६४४ साली झुटफेन गावासाठी जगातला पहिला नीट सुरात लावलेला कॅरिलॉन तयार झाला. युक्ती अशी: घंटा किंचित चढ्या सुरात ओतायची, मग उलटी करून चरकावर फिरवायची आणि आतून नेमक्या उंचीवर धातू खरवडायचा. एका उंचीवर खरवडलं की एक उपसूर उतरतो, दुसऱ्या उंचीवर दुसरा. उतरलेला सूर परत चढवता येत नाही. एकदा जास्त खरवडलं की घंटा गेली, पुन्हा भट्टीत. धाकटा भाऊ पीटर १६८० साली वारला आणि विद्याही त्याच्याबरोबर गेली, कारण त्यांनी ती कोणाला नीट सांगितली नव्हती. पुढे दोनशे वर्षं घंटा ओतल्या गेल्या, पण अंदाजाने. १८९५ च्या सुमारास सिम्प्सन नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने उपसुरांवर लेख लिहून ती विद्या पुन्हा उजेडात आणली, आणि लफबरोच्या टेलर कारखान्याने लगोलग ती वापरायला घेतली. राजाबाईच्या घंटा चढल्या त्या याच्या आधी, म्हणजे विद्या हरवलेली असतानाच्या काळात.

वजनाचं गणितही मजेदार आहे. तीच घंटा एक सप्तक खाली हवी असेल तर तिची सगळी मापं दुप्पट करायची, म्हणजे वजन आठपट होतं. दोन सप्तकं खाली हवी असेल तर चौसष्टपट. बर्कलीच्या ६१ घंटांतली सर्वांत मोठी सुमारे पावणेपाच टनांची आणि सर्वांत लहान साडेआठ किलोच्या आसपास. गणिताप्रमाणे लहानी आणखी हलकी हवी, पण मग तिचा आवाज खाली पोचणारच नाही, म्हणून वरच्या घंटा मुद्दाम जाड ओततात. न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये कॅरिलॉनची सर्वांत जड घंटा आहे. तिचं वजन अठरा टनांच्या वर.

एवढं कासं एका जागी टांगलेलं असलं की त्यावर सैन्याचा डोळा जायचाच. तोफेचा धातू आणि घंटेचा धातू यांत फरक फक्त कथिलाच्या प्रमाणाचा. युरोपात दर मोठ्या युद्धात घंटा उतरवून वितळवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जिंकलेल्या देशांतून आणि स्वतःच्या गावांतूनही दीड लाखांहून अधिक घंटा काढून नेल्या. हॅम्बुर्गच्या बंदरात त्या वितळण्याची वाट बघत रांगेने पडलेल्या असत. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठाचं ग्रंथालय जर्मनांनी १९१४ साली जाळलं, ते पुन्हा बांधताना अमेरिकन अभियंत्यांनी मनोऱ्यात ४८ घंटांचा कॅरिलॉन दिला, तेव्हाच्या ४८ राज्यांची एकेक घंटा. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आपल्या सहकाऱ्यांचं ते स्मारक होतं.

आपल्याकडे याच्या उलट घडलं. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि तिथल्या देवळांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. तोफांची गरज मराठ्यांना काही कमी नव्हती. तरी यातल्या बऱ्याच घंटा भट्टीत न जाता मंदिरांत गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी रामेश्वराच्या मंदिरावर जी टांगली आहे ती नारोशंकराची घंटा. तिच्यावर १७२१ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावर जी आहे ती १७०७ सालची, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. भीमाशंकरालाही तसलीच एक. मेरीची घंटा वाजवून लोक शंकराचं दर्शन घेतात आणि कोणाचंच काही बिघडत नाही. मोठ्या आवाजाच्या माणसाला खानदेशातही 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, मग त्याने नाशिक पाहिलेलं असो वा नसो.

खुद्द आपल्या भागातली प्रसिद्ध घंटा म्हणजे एरंडोलजवळच्या पद्मालयची. उजव्या आणि डाव्या सोंडेचे दोन गणपती एकाच गाभाऱ्यात, आणि मंडपात ही ४४० किलोंची घंटा. तिचा टोल तळ्याकाठच्या झाडीत घुमतो. पण पद्मालयची काय, नारोशंकराची काय, या सगळ्या एकट्या घंटा. आपल्या परंपरेत घंटेचं काम म्हणजे देवाला जाग आणणं, आरतीला ठेका धरणं, पोळ्याला बैलाच्या गळ्यात किणकिणणं. खेड्यातल्या शाळेत तर रुळाचा तुकडा टांगलेला असायचा, भुसावळ जवळ असल्यामुळे त्याला तोटा नव्हता. दोन घंटा एका सुरात जमवाव्यात, अशी गरज आपल्याला पडली नाही. सुरासाठी आपल्याकडे जलतरंग होतं, त्यात पाणी घालून सूर हवा तसा उतरवता येतो आणि काढून पुन्हा चढवताही येतो. एमोनी बंधूंनी हेवा केला असता.

मग प्रश्न येतो, घंटांवर राग वाजेल का? हाच प्रश्न पेटीच्या बाबतीत विचारून झाला आहे. पेटीचे सूर ठरलेले, त्यांत मींड नाही, श्रुती नाहीत, म्हणून आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं पेटीवर बंदी घातली होती. घंटेवर हे सगळे आक्षेप लागू होतात, वर आणखी एक. पेटीचा सूर बोट उचललं की थांबतो. घंटेचा थांबत नाही. मागचा सूर विरण्याआधी पुढचा येऊन त्यात मिसळतो. वेगाने तान घेतली तर नुसता कल्लोळ. तरीही मला वाटतं, राग निवडून घेतला तर निभेल. प्रत्येक घंटेत सा, कोमल ग आणि प आधीच बसलेले आहेत. बिलावल किंवा यमन घेतला तर घंटेच्या पोटातला कोमल गंधार आडवा येईल. मालकंसात गंधार कोमल आहे, पण पंचम वर्ज्य, आणि घंटा तर पंचम सोडायला तयार नाही. भीमपलास मात्र जमावा. निदान संथ आलाप तरी. मींड नाही ही उणीव राहीलच.

आता राजाबाईकडे परत येऊ. घंटा सोळा. व्याख्येला लागतात तेवीस. म्हणजे काटेकोर हिशेबात राजाबाईला कॅरिलॉन म्हणता येत नाही. पण सात घंटा कमी आहेत हे मला मोठं व्यंग वाटत नाही. मोठं व्यंग हे की तिथे वादकच नव्हता. घड्याळ लंडनच्या लंड अँड ब्लॉकली कंपनीचं, आणि चाली वाजायच्या त्या यंत्राने. अशा यंत्रात एक मोठा फिरता पिंप असतो, त्यावर खुंट्या बसवलेल्या असतात. पिंप फिरला की खुंटी एक खटका उचलते आणि हातोडा बाहेरून घंटेवर पडतो. खुंट्यांची रांग सरकवली की चाल बदलते. साहेबाच्या राज्यात सकाळ-संध्याकाळ साहेबाची चाल वाजत राहावी, एवढंच काम होतं, आणि त्यासाठी माणूस कशाला? एकाच जोराने, एकाच लयीने वाजणारी ती चाल ऐकणाऱ्या मुंबईकरांना चुकलेला सूर कधी ऐकायला मिळाला नाही, आणि साधलेलाही नाही. २०१३ ते २०१५ या काळात टाटा कन्सल्टन्सीच्या मदतीने टॉवरची आणि ग्रंथालयाची डागडुजी झाली, रंगीत काचा उजळल्या. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीचा सगळा परिसर जागतिक वारसा यादीत गेला. दगड आणि काच यांची काळजी घेतली गेली याचा आनंद आहे. वाद्याचं काय, हे विचारणारं मात्र मला फारसं कोणी भेटलेलं नाही.

अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ इथे आठवतं. ते ७ ऑक्टोबर १८६८ ला उघडलं, राजाबाईच्या पायाभरणीच्या जेमतेम पाच महिने आधी, आणि उघडलं तेच नऊ घंटांच्या गजरात. जेनी मॅकग्रॉ नावाच्या बाईंनी त्या दिल्या होत्या. आज तिथे २१ घंटा आहेत. म्हणजे कॉर्नेलही कॅरिलॉनच्या यादीत बसत नाही, दोन घंटांनी हुकतं. पण सत्र चालू असताना तिथे रोज वादन होतं, आणि वाजवणारे विद्यार्थी असतात: कोणी अभियांत्रिकीचं, कोणी शेतकीचं. दर वसंतात नव्या वादकांची निवड होते, त्यासाठी कित्येक आठवडे शिकवणी आणि चाचण्या चालतात. निवडलेली पोरं १६१ पायऱ्या चढून जातात आणि उभ्याने लाकडी खटके दाबून वाजवतात. फर्माइशीही घेतात. सोळा आणि एकवीस यांत अंतर फार नाही. कॉर्नेलला मनोऱ्यात माणूस चढतो, राजाबाईत चढत नाही. सामान्य माणसाला तर तो जिना बंदच आहे.

सोळा घंटांत दोन सप्तकं येतात, निवडक सूर घेतले तर. आपली लोकगीतं त्यात आरामात मावतील. श्रावणात कानबाई बसते तेव्हा खानदेशात ज्या अहिराणी चाली गातात, त्यातल्या कित्येक चारपाच सुरांतच फिरतात. राजाबाईच्या घंटांना तारा आणि सोळा खटके जोडले तर संगीत विभागातल्या एखाद्या पोराला त्या महिन्याभरात बसतील. वारसा-इमारतीत एक खिळा ठोकायला किती परवानग्या लागतात हे ठाऊक असूनही लिहितो आहे.

आणि मुंबईवर कशाला अवलंबून राहायचं? जळगावजवळ गिरणेपलीकडे बांभोरीच्या टेकड्यांवर आपलं विद्यापीठ आहे, १९९० पासून, आता बहिणाबाईंच्या नावाचं. जागा उघडी, आवाज अडवायला उंच इमारती नाहीत, कॅरिलॉनला याहून चांगली जागा कोणती? एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवायला हवी. उष्णतेने घंटा थोडी उतरते, पण सगळ्याच सारख्या उतरतात, म्हणून ते कानाला कळत नाही. तारांचं तसं होत नाही. तापली की तार लांबते, दांडी ढिली पडते आणि लोलक घंटेपर्यंत पोचत नाही. गारठली की आखडते आणि लोलक घंटेला चिकटून बसतो. म्हणून प्रत्येक तारेला ताण कमीजास्त करायचा एक पेच असतो, आणि वादक बाकावर बसला की आधी ते पेच बघतो. बेल्जियमच्या हवेत हे चार मिनिटांचं काम. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि डिसेंबरच्या पहाटे दहाच्या खाली जातो. इथल्या वादकाला वाजवण्याइतकाच वेळ पेच पिळण्यात घालवावा लागेल, आणि उन्हाळ्यातला कार्यक्रम तर सूर्य मावळल्याशिवाय ठेवूच नये.